माळावरचे हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलींना नाही, ज्याच्याबरोबर तीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला त्या मित्रालाही नाही. त्या पावसाळ्यात रिक्षावरच्या भोंग्यातून आमच्या कॉलनीभर जो आवाज फिरला, तो माझा होता. आवाज बदलून, घशात दाबून काढलेला, पण माझा. आणि तो जे सांगत होता ते खोटं आहे, हे मला बोलतानाच माहीत होतं. हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. नुसता आवाज दिला असता तर पोरवयातली चूक म्हणून मी ती कधीच सांगून मोकळा झालो असतो.

आमचं घर नगरच्या वेशीबाहेर, नागापूरच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला होतं. आता एसटीच्या पाटीवर गावाचं नाव बदललंय, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं. कॉलनी कारकुनांची, मास्तरांची, बँकेतल्या लोकांची. कर्ज काढून बांधलेली बैठी घरं, दारात तगर नाहीतर जास्वंद, गेटवर मालकाचं नाव. वडील सरकारी कचेरीत कारकून. आई संगमनेरकडच्या खेड्यातली, सातवी शिकलेली, आणि घर खरं चालायचं ते तिच्या डब्यांवर. नागापूरच्या कंपन्यांतल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांचे डबे आमच्याकडून जायचे. मागच्या अंगणात पत्रा टाकून तिनं मोठं स्वयंपाकघर काढून घेतलं होतं. तिथं रोज उजाडायच्या सुमाराला भाकरी थापण्याचा आवाज सुरू व्हायचा. आईची थाप जड, सावकाश. तिच्या मधे मधे दुसरी थाप पडायची, हलकी आणि भरभर. अंथरुणात डोळे मिटून मी सांगू शकायचो, आत्ता कुणाची भाकरी तव्यावर पडली.

ती दुसरी थाप हसीनाभाभींची. त्यांचं माहेर पुणतांब्याचं. नवरा सलीमभाई नागापूरला पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये कामाला, आणि जाता जाता आमचे डबे सायकलीला लटकवून कंपन्यांच्या गेटवर पोचवायचा. दोघं राहायची कॉलनीच्या कुंपणापलीकडं बोराटीच्या माळावर. तिथं माळाच्या मालकानं पत्र्याच्या काही खोल्या काढून कामगारांना भाड्यानं दिल्या होत्या. हसीनाभाभींना मूल नव्हतं. शेजारच्या तात्यांची नात छकुली रोज सकाळी आमच्या मागच्या दाराशी येऊन उभी राहायची, आणि भाभी उरल्या पिठाची तळहाताएवढी चानकी थापून, तिच्यावर शेंगदाण्याची चटणी आणि तेलाचा थेंब घालून तिच्या हातात द्यायच्या. "फुंकर मार गं, जीभ पोळंल," असं त्या रोज म्हणायच्या आणि छकुली रोज जीभ पोळून घ्यायची. कॉलनीतल्या एका बाईंनी आईला एकदा विचारलं होतं, "तुम्हाला चालतं का हो, स्वयंपाकाला त्यांची बाई?" आई तव्यावरची भाकरी न उलटता म्हणाली, "तुमच्या मिस्टरांला कंपनीच्या कँटीनात कोन वाढतं, इचारलंत का कदी?" त्यानंतर तो विषय आमच्या दारात कुणी काढला नाही.

आमच्या घराला कॉलनीत मान होता तो आणखी एका गोष्टीमुळं. पालिकेचं पाणी दिवसाआड, तेही करंगळीएवढं. म्हणून वर्गणी काढून घेतलेली बोअर आमच्या घराच्या कोपऱ्याला लागूनच होती आणि मोटरची चावी आमच्या खुंटीला असायची. मोटर चालू करणं हे माझं काम. सकाळी बटण दाबलं की जमिनीखालून घरघर यायची आणि सगळ्या कॉलनीच्या टाक्या भरायच्या. तात्या, म्हणजे कॉलनीचे अध्यक्ष, बँकेतून रिटायर झालेले, मला चारचौघांत म्हणायचे, "हा आमचा पाणीपुरवठा मंत्री." मी वक्तृत्व स्पर्धांत बक्षिसं मिळवायचो, त्यामुळं मंत्री म्हटलेलं मला आवडायचं.

त्या वर्षी बातमी आली की माळाच्या मालकानं जमिनीचा झोन बदलून मागितलाय. नकाशावरच्या शेतीच्या हिरव्या रंगातून घरांच्या पिवळ्यात. माळावर चार मजली इमारती होणार होत्या, लहान लहान घरांच्या, एमआयडीसीतल्या कामगारांना परवडतील अशा. पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांनी बांधकामाला जागा मोकळी करून दिली तर त्यांना तळमजल्यावर घर द्यायचं मालकानं कबूल केलं होतं. हसीनाभाभी पिठाच्या हातानं हवेत खिडक्या काढून दाखवायच्या. "हितं एक, हितं एक. आनि ताई, नळ आतमदी. घराच्या आतमदी!"

कॉलनीत मात्र त्याच दिवसापासून वातावरण फिरलं. तात्यांच्या ओसरीवर बैठका सुरू झाल्या. पहिल्या बैठकीत जे बोललं गेलं ते सगळं खरं होतं, हे मला आजही मान्य आहे. पाणी आपल्यालाच पुरत नाही. गटार नाहीच, प्रत्येकाच्या दारात आपापली सेप्टिक टाकी. रस्ता एक. एवढ्या माणसांचं काय करणार? मग बैठकीगणिक पाणी आणि गटार मागं पडत गेलं आणि माणसंच उरली. "चार मजले म्हणजे वरून आपल्या बायकांच्या न्हाणीत डोकावतील." "कोण कुठले, कुणाचे कोण." कुणी आवाज चढवत नव्हतं. चहाच्या बश्या वाजत होत्या, हळू आवाजात बोलणं चाललं होतं. त्या हळू आवाजाची मला आज जास्त भीती वाटते.

पाऊस लागून राहिला आणि कॉलनीतली पोरं पिवळी पडायला लागली. आधी मास्तरांचा मुलगा, मग कोपऱ्यावरच्या दोन बहिणी, मग छकुली. कावीळ. घराघरांतून ऊस चघळणं, मुळ्याचा रस, दवाखाना. एका दुपारी मी मोटर बंद करायला गेलो तर बोअरच्या केसिंगपाशी, जमिनीत उतरणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी, माती ओली दिसली. पाऊस दोन दिवस थांबलेला होता. मी बोट लावून वास घेतला. तो वास काय आहे हे कुणाला विचारावं लागत नाही.

आईचं स्वयंपाकघर वाढवताना वडिलांनी आमची सेप्टिक टाकी हलवून बोअरच्या कडेला आणली होती. जागाच तेवढी होती. मी वडिलांना बोलावलं. त्यांनी चप्पल काढून ठेवली, पायानं माती दाबून पाहिली. मग म्हणाले, "कुणाला बोललास?"

"नाही."

"बोलू नकोस. मी ब्लीचिंग पावडर टाकतो. बोअर आपल्या दाराशी आहे, सुधीर. उद्या कळलं तर ही माणसं आपल्याला उभं जाळतील."

मी म्हणालो, "पण छकुली..."

"पावडर टाकतो म्हटलं ना!"

त्यांनी पावडर टाकली. जास्तच टाकली, पाण्याला औषधाचा वास यायला लागला. त्या आठवड्यापासून आईनं काही न विचारता घरचं पाणी उकळायला सुरुवात केली. पातेलं दिवसभर चुलीवर असायचं, आणि त्याच्या झाकणाचा थडथड आवाज मला पुस्तक वाचू द्यायचा नाही.

झोन बदलायला पालिकेत हरकती द्यायची मुदत जवळ आली तसे तात्या माझ्याकडं आले. लोकांना जागं करायला रिक्षावर भोंगा लावायचा होता. "मजकूर तू लिही. आवाजही तुझाच दे. पण ओळखू येता कामा नये हं. तुमच्याकडं माळावरची बाई कामाला आहे, उगाच घरात वाकडेपणा नको." हे ते माझ्या भल्यासाठी म्हणाले होते. गावातल्या एका मंडपवाल्याच्या दुकानात, खुर्च्यांच्या थप्प्यांमागं बसून मी कॅसेट भरली. पाणी, गटार, रस्ता, सगळं त्यात होतं. मंडपवाला म्हणाला, "भाऊ, लई सपक झालंय. मसाला टाक की जरा."

मग मी एक वाक्य घातलं. ते कुणी सांगितलं नव्हतं. तात्यांनी नाही, वडिलांनी नाही.

"बंधू-भगिनींनो, माळावरचे हात आपल्या ताटापर्यंत पोचले आहेत. आपल्या लेकरांना कावीळ कुठून आली, विचार करा!"

मंडपवाला मांडीवर थाप मारून म्हणाला, "आत्ता कसं!" मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं की वाक्य तालात बसलं म्हणून मी ते घेतलं. तसं नव्हतं. माळावरचे फक्त दोनच हात कॉलनीतल्या ताटापर्यंत पोचत होते, आणि ते कुणाचे हे मला माहीत होतं. लोकांची नजर आमच्या कोपऱ्यावरून उठून दुसरीकडं जावी म्हणून मी ते वाक्य घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा आमच्या गल्लीत शिरली तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा पीत होतो. आई आणि भाभी समोरासमोर बसून थापत होत्या. आवाज लांबून आला, मोठा होत गेला, आमच्या दारावरून गेला. दाबलेला, जाड, कुणा म्हाताऱ्या पुढाऱ्यासारखा. ते वाक्य आलं आणि हलकी थाप थांबली. भाभींनी परातीतले आपले हात पाहिले, पालथे केले, पुन्हा पाहिले. त्यांना पहिल्यांदा अर्थ लागला नसावा, कारण त्या थोडं हसल्या. "काय काय बोलतात बगा," म्हणाल्या. रिक्षा कॉलनीला वळसा घालून परत आली. पुन्हा तेच वाक्य आलं. या वेळी त्या हसल्या नाहीत. आई माझ्याकडं बघत होती. मी कप घेऊन बाहेर गेलो.

आजही सकाळी कचऱ्याची गाडी भोंगा वाजवत येते तेव्हा मी गॅलरीतून आत जातो. घरातल्यांना वाटतं मला कचऱ्याचा वास सहन होत नाही.

रिक्षा रोज फिरत राहिली. मी तात्यांना म्हणालो, आता बास. ते म्हणाले, "मुदतीपर्यंत पैसे भरलेत." माझाच आवाज मला थांबवता येईना. मी मोटर लावायला जावं आणि तो गल्लीच्या तोंडाशी यावा. कॉलेजातून यावं आणि तो चौकात उभा असावा. कोपऱ्यावरच्या बायका आता भाभी येताना दिसल्या की पोरांना आत ओढायच्या. तात्यांच्या सुनेनं छकुलीला आमच्या मागच्या दाराशी यायला बंदी केली होती. तशी ती यायच्या अवस्थेत राहिलीच नव्हती. डोळे हळदीसारखे झाले, पोट फुगलं, मोठ्या दवाखान्यात नेलं. ती तिथून परत आली ती पांढऱ्या चादरीत. तात्या ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते आणि येईल त्याला एकच सांगत होते, "तिला तिखट चालायचं नाही हो, तरी चटणीच मागायची." सगळ्यांनी ते ऐकलं आणि सगळ्यांनी आमच्या मागच्या दाराकडं पाहिलं.

त्यानंतर काही दिवसांतच पालिकेत सुनावणी झाली. दिवसाउजेडी, भरल्या हॉलमध्ये. आम्ही कॉलनीवाले पुढच्या खुर्च्यांवर, माळावरची चार-सहा माणसं मागं भिंतीशी उभी. साहेब कागद चाळत होते. आमच्यातल्या एकानं काविळीचं काढलं तसा सलीमभाई पुढं आला. कंपनीचा निळा शर्ट, बटणं वरपर्यंत लावलेली.

"साहेब, आमच्या खोल्यांमदी एक बी पोर पिवळं न्हाई. आमी हापशाचं पानी पितो. मग ही कावीळ आमची कशी?"

आमच्या खुर्च्यांमधून कुणी तरी म्हणालं, "तुमच्या अंगातच मुरलेली असते रे ती!" थोडी माणसं हसली. तात्या हसले नाहीत. ते खाली बघत होते.

सलीमभाई तिकडं वळलाच नाही. म्हणाला, "माजं एवडंच म्हननं हाय. यांच्या बोअरचं पानी तपासा. आमचं बी तपासा. आनि तपासायचं नसंल तर ह्या पोराला इचारा. मोटर हाच चालवतो. ह्याच्या घरचं मीठ खाल्लंय आमी. हा खोटं न्हाई बोलनार."

त्यानं माझ्याकडं बोट केलं नाही, हाताचा तळवा केला, जसा आपण मोठ्या माणसाला पुढं बोलवायला करतो. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बोला. पाण्याची काही तक्रार आहे का?"

वडील माझ्या शेजारी होते. ते माझ्याकडं बघत नव्हते. त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलेला होता. मी उभा राहिलो. माझ्या खऱ्या, बक्षिसं मिळवलेल्या आवाजात म्हणालो, "नाही साहेब. आमचं पाणी स्वच्छ आहे."

सलीमभाई रागावला असता, ओरडला असता, तर मला जगता आलं असतं. त्यानं नुसती मान हलवली. "हा म्हनतोय म्हंजी असंल," असं स्वतःशीच बोलून मागं भिंतीशी गेला. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात एकच थाप ऐकू येत होती. ऊन चढल्यावर हसीनाभाभी मागच्या दाराशी आल्या, पण उंबरा ओलांडला नाही. छकुली उभी राहायची तिथंच उभ्या राहिल्या. पदर दोन्ही हातांवर ओढून घेतलेला.

"ताई, एक इचारायचं हुतं. माज्या हातानं झालं का?"

आई म्हणाली, "न्हाई गं. काय बोलतीस?"

"यांनी काल सांगितलं. सुधीर म्हनला पानी चांगलं हाय. तो खोटं कशाला बोलंल? मग पानी न्हाई, तर माजाच हात ना. मीच द्यायची तिला चानकी. रोज."

मी आतल्या दारात होतो. मोटरची चावी माझ्या हातात होती, कारण तीच वेळ होती. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि पाहतच राहिली. मी बोलेन म्हणून ती थांबली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पातेल्याचं झाकण थडथडत होतं. भाभी दोघांकडं आळीपाळीनं बघत होत्या. मी चावी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. शेवटी आई "बस तरी, चहा घे," असं काहीतरी म्हणाली. भाभी म्हणाल्या, "नको ताई. भांड्याला हात नको लावायला." आणि गेल्या.

त्या गेल्यावर आई परातीपाशी बसली. माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "आवाज बदाललास. पन वाक्याच्या मदी दम कुठं घेतोस, ते कसं बदालशील? पाळण्यातला दम हाय त्यो, मला ठाव हाय." त्या दिवशीच्या भाकरी जाड झाल्या होत्या. कामगारांनी डबे अर्धे परत पाठवले.

झोन बदलला नाही. माळाच्या मालकाचा रस गेला, त्यानं खोल्या पाडून जागेला तारेचं कुंपण घातलं. सलीमभाई टेम्पोत सामान भरत होता तेव्हा मी आमच्या ओसरीवर होतो, आणि वडिलांनी मला आत बोलावून घेतलं. दिवाळीनंतर न्हाणीघर दुरुस्त करायचं निमित्त काढून वडिलांनी सेप्टिक टाकी बुजवली आणि घराच्या दुसऱ्या अंगाला नवी बांधली. कावीळ थांबली. कॉलनीत सगळे म्हणायला लागले, "बघा, ती बाई गेली आणि दुखणं गेलं." याहून भक्कम पुरावा कुणाला हवा होता? माझ्या वाक्यावर पुराव्याचा शिक्का बसला, आणि तो शिक्का मारणारे माझे वडील होते. ते मरेपर्यंत आम्ही दोघं एका खोलीत फार वेळ बसलो नाही.

त्या माळावर आता सात मजली इमारती आहेत. काही वर्षांमागं झोन बदललाच, आणि या वेळी हरकत कुणी घेतली नाही, कारण कॉलनीतल्या निम्म्या लोकांनी तिथं आपल्या मुलांसाठी फ्लॅट घेतले. मीही घेतला. हे मी तिथंच बसून लिहितोय. नळ घराच्या आत आहे.

आईनं शेवटच्या वर्षात मला एकदाच सांगितलं, "हसीनाला सांग. माज्यानं न्हाई झालं." मी हो म्हणालो. ती गेल्यानंतर एकदा नागापूरच्या स्टॉपवर सलीमभाई भेटला. केस पांढरे, पण सायकल तशीच. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला, आईची चौकशी केली, गेल्याचं ऐकून डोळे पुसले. मी भाभींचं विचारलं. म्हणाला, "पुनतांब्याला असते, भावाजवळ. बरी हाय. फक्त एक हाय बग, लोकांच्या लेकरान्ला अजून हातानं काय देत न्हाई. भावाच्या नातवान्ला बी न्हाई. ताटलीत ठेवते आनि लांब सरकवते. आता सवय म्हनायची." त्याची बस आली नसती तर मी बोललो असतो, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होतो.

मी एकदा पुणतांब्यापर्यंत गेलोही. गोदावरीच्या घाटावर बसलो, स्टँडवर चहा घेतला, भाभींच्या भावाचं घर कुठं आहे ते विचारलं. चहावाल्यानं हात करून दाखवलं. दारात तुळशीवृंदावनासारखं काहीतरी निळं दिसत होतं, बहुतेक पाण्याचं पिंप. एक बाई बाहेर येऊन भांडं विसळत होती. त्या होत्या की दुसरं कुणी, ते ओळखण्याइतका जवळ मी गेलो नाही. पुढच्या गाडीनं परत आलो.

हे छापून येईल तेव्हा माझ्या मुली वाचतील, कॉलनीतले उरलेले म्हातारे वाचतील, काही जण बोलणं सोडतील. त्यानं काही फिटत नाही, कारण ज्यांना सांगायचं त्या हे वाचणार नाहीत. भाभींचं मी एवढंच देणं लागतो, आणि ते समोर उभं राहून, माझ्या खऱ्या आवाजात: भाभी, छकुलीला तुमच्या हातानं काही झालं नाही. पाणी आमचं होतं, आणि मला ते माहीत होतं.

ते मी अजून दिलेलं नाही.